खुलासा: ‘सिंगापूर भारताच्या सहापट जागतिक’ हे गणित का फसतं

कापूस उत्पादकांच्या व्हॉट्सअॅप गटांवर फिरतंय: सिंगापूरची आयात-निर्यात जीडीपीच्या 300 टक्क्यांवर, भारताची 50च्या आत, म्हणून सिंगापूर सहापट जागतिक, म्हणजे जगाशी सहापट जोडलेला. आकडे ढोबळमानानं बरोबर आहेत, अर्थ चुकलाय.

व्यापारात मालाची पूर्ण किंमत धरतात, जीडीपीत फक्त देशात वाढलेलं मूल्य. समजा, यवतमाळची 100 रुपयांची रुई बांगलादेशात गेली आणि 400चा शर्ट होऊन जर्मनीला निघाली. बांगलादेशच्या जीडीपीत 300 जमा. व्यापारात मात्र 100 आयात अधिक 400 निर्यात, म्हणजे 500. झाले जीडीपीच्या 167 टक्के! सिंगापूर तर बंदरच, अर्धाअधिक माल उतरून पुढं जाण्यासाठीच येतो.

शिवाय देश लहान, की सीमा जवळ. यवतमाळच्या रुईची 170 किलोची गाठ कोइम्बतूरच्या गिरणीत गेली तर निर्यात शून्य. यवतमाळ वेगळा देश असता तर तीच निर्यात. घरात पडून असलेल्या कापसाचा भाव न्यूयॉर्कच्या वायद्यासोबत हलतो, तेही या टक्केवारीत नाही.

झुरिचच्या केओएफ या संशोधन संस्थेचा जागतिकीकरण निर्देशांक आर्थिक, सामाजिक, राजकीय बाजू पाहतो. प्रत्यक्ष व्यवहार आणि धोरणं वेगवेगळी मोजतो. तो बरा. पण संस्कृती मोजायला त्यातही मॅकडोनाल्ड्सची दुकानं मोजली आहेत, हे ध्यानात ठेवा.