कृषी पदवीधर मुख्यमंत्री झाला, पुढे काय?

खातेवाटप जवळ आलं की आम्हा बी.एस्सी. ॲग्रीवाल्यांच्या ग्रुपवर एक मेसेज हमखास फिरतो. कृषिखातं कृषी पदवीधरालाच द्या. खाली धडाधड अंगठे पडतात, मग कुणीतरी एमपीएससीच्या जागांचा विषय काढतं आणि मूळ मागणी विरून जाते. मागणी मलाही आवडते. पण ती करणाऱ्यांनी जॉन ब्रॅकन हे प्रकरण एकदा बघावं. कॅनडातल्या मॅनिटोबा प्रांताने नुसतं कृषिखातं नाही, सगळं सरकारच एका कृषी प्राध्यापकाच्या हाती दिलं होतं, आणि ते वीस वर्षं त्यांच्याकडेच राहिलं.

ब्रॅकन १८८३चे, ऑन्टारिओतल्या शेतकऱ्याघरचे. ग्वेल्फच्या कृषी महाविद्यालयातून १९०६ साली बाहेर पडले. आधी सरकारच्या बियाणे विभागात, मग सस्कॅचेवान प्रांताच्या शेतीखात्यात नोकरी, आणि १९१० पासून दहा वर्षं सस्कॅचेवान विद्यापीठात प्राध्यापकी. विषय कोरडवाहू शेती. कमी पावसाच्या प्रेअरी मैदानात गहू कसा काढायचा, यावर त्यांनी पुस्तकं लिहिली. १९२०मध्ये ते मॅनिटोबा कृषी महाविद्यालयाचे प्रमुख झाले.

त्यांच्या शास्त्राचा गाभा सोलापूर-मराठवाड्यातल्या माणसाला परका वाटणार नाही. एक हंगाम रान पड ठेवायचं, पाळ्या घालून तण मारायचं, पडलेलं पाणी जमिनीत मुरवायचं आणि त्या ओलीवर पुढचं पीक काढायचं. आपण खरीप पड ठेवून रब्बी ज्वारी घेतो, तोच हिशेब. (सोलापूरचं कोरडवाहू संशोधन केंद्र १९३३चं. म्हणजे हा प्रश्न त्या काळात जगभरच्या शेतीवाल्यांच्या डोक्यात होता.)

आता राजकारण. १९२२च्या जुलैमध्ये मॅनिटोबाची निवडणूक झाली आणि ‘युनायटेड फार्मर्स’ या शेतकऱ्यांच्या संघटनेने ५५ जणांच्या विधानसभेत निसटतं बहुमत मिळवलं. गंमत अशी की त्यांच्याकडे नेताच नव्हता. जिंकू, असं बहुधा त्यांनाही वाटलं नसावं. एकदोघांना विचारलं, त्यांनी नकार दिला. मग गळ घातली कॉलेजच्या प्राचार्यांना. ब्रॅकन आमदारही नव्हते. ३९व्या वर्षी ते आधी प्रीमियर, म्हणजे मुख्यमंत्री झाले आणि नंतर द पा या उत्तरेकडच्या मतदारसंघातून निवडून आले. तो भाग गव्हाचा नव्हे, जंगलाचा, मासेमारीचा आणि खाणींचा. शेतकऱ्यांचा नेता कायम तिथून निवडून येत राहिला, हे मला फार मजेशीर वाटतं.

शेजारच्या शेतकरी सरकारांशी तुलना केली की ब्रॅकन यांची चिकाटी कळते. ऑन्टारिओत ग्वेल्फचेच पदवीधर ई. सी. ड्रुरी १९१९ला प्रीमियर झाले आणि १९२३ला पडले. अल्बर्टातलं शेतकऱ्यांचं सरकार १९३५मध्ये वाहून गेलं. ब्रॅकन १९४३ पर्यंत टिकले.

कसे टिकले? माझ्या मते त्यांनी प्रांत चालवला तो कोरडवाहू शेतकरी घर चालवतो तसा. पुढचं साल वाईट जाणारच असं धरून चालायचं. तिजोरीत तूट होती, म्हणून खर्च कापला आणि १९२३मध्ये प्रांताचा आयकर लावला. पक्षबिक्ष बाजूला ठेवा, आपण इथे कारभार करायला बसलोय, ही त्यांची भूमिका. शेतकऱ्यांना ती पटली, कारण लिबरल आणि कॉन्झर्व्हेटिव्ह या दोन्ही जुन्या पक्षांना ते विटले होते. १९३२मध्ये त्यांनी लिबरलांशी युती केली. १९३६ला बहुमत गेलं तर सोशल क्रेडिट पक्षाच्या पाच आमदारांच्या आधाराने सरकार चालवलं. १९४०मध्ये तर कमालच केली. लिबरल-प्रोग्रेसिव्ह (म्हणजे ब्रॅकन यांचीच युती), कॉन्झर्व्हेटिव्ह, समाजवादी सीसीएफ आणि सोशल क्रेडिट, असे चारही पक्ष एका सरकारात. विरोधी बाकांवर मूठभर माणसं उरली.

आमच्या ग्रुपवर हे टाकलं तर टाळ्या पडतील. राजकारण नाही, भांडण नाही, नुसता कारभार! पण माझं म्हणणं उलटं आहे. ‘नुसता कारभार’ असं काही नसतं. कुणासाठी काटकसर आणि कुणाच्या खिशातून, हे कुणीतरी ठरवतंच. १९२१च्या जनगणनेत विनिपेग शहर प्रांताच्या लोकसंख्येत जवळजवळ तीस टक्के होतं, आमदार मात्र ५५ पैकी १०. याच शहरात १९१९ला तीसेक हजार कामगार संपावर गेले होते. मंदी आली, गव्हाचे भाव कोसळले, शहरात बेकारांच्या रांगा लागल्या, आणि ब्रॅकन सरकारने १९३३मध्ये पगारावर दोन टक्के कर बसवला. हिशेबाच्या वहीत तो बरोबर असेल. पण पगार घेणारा कोण आणि सरकार निवडणारा कोण, हे पाहिलं की त्यातलं राजकारण लख्ख दिसतं. फक्त त्याला राजकारण म्हणायचं नाही, एवढंच.

सेव्हन सिस्टर्स धबधब्याचं प्रकरणही याच जातीचं. वीजनिर्मितीची ती जागा १९२८मध्ये खासगी कंपनीला दिली. सरकारी वीज हवी असणारे खवळले. पुढे मंत्र्यांनी त्याच कंपनीचे शेअर घेतल्याचं बाहेर आलं, चौकशी आयोग बसला, दोन मंत्र्यांना राजीनामे द्यावे लागले. तज्ज्ञ माणूस वर बसला म्हणजे खाली सगळं आपोआप स्वच्छ राहतं, असं मानणाऱ्यांसाठी हे सांगितलं.

आणि शास्त्र तरी कायम बरोबर असतं का? रान पड ठेवून उघडी माती सतत ढवळत राहायची, हा त्या काळच्या तज्ज्ञांचा सर्वमान्य सल्ला. तिसाच्या दशकात दुष्काळ आला आणि प्रेअरीवरची तीच मोकळी माती वाऱ्याने उडाली. दोष एकट्या ब्रॅकन यांचा नाही, सगळ्या पिढीचा तो समज होता. पण शेतावर निदान धूळ उडताना दिसते. चार पक्षांच्या सरकारात चूक झाली तर ती दाखवायची कुणी?

त्यांचं मोठं काम मी नाकारत नाही. जमीन, जंगल, खनिजं यांवरचा हक्क १९३०मध्ये केंद्राकडून प्रांताला मिळाला, तो त्यांच्याच काळात. केंद्र आणि प्रांतांच्या पैशाच्या वाटणीसाठी १९३७मध्ये आयोग नेमला गेला, त्यामागे त्यांचा सततचा आग्रह होता. आकडे घेऊन भांडणारा मुख्यमंत्री कसा असतो, ते तिथे दिसतं. तेही राजकारणच होतं, आणि ते त्यांना उत्तम जमलं.

१९४२च्या डिसेंबरमध्ये ते कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाचे राष्ट्रीय नेते झाले. अट घातली की पक्षाच्या नावात ‘प्रोग्रेसिव्ह’ हवं, आणि पक्षाने ती मानली. पण तिथे समोर लिबरल पंतप्रधान मॅकेन्झी किंग होते आणि सर्वांना पोटात घेण्याची युक्ती चालणार नव्हती. १९४५ची निवडणूक हरले, १९४८ला नेतृत्व सोडलं, १९४९ला ब्रॅन्डन मतदारसंघात स्वतःही पडले. पुढे मॅनिटोबाच्या दारूविषयक कायद्यांचा आणि धान्याला रेल्वेचे डबे पुरवण्याच्या व्यवस्थेचा अभ्यास करणाऱ्या चौकशांवर त्यांनी काम केलं. प्रश्न दुसऱ्याने ठरवून द्यायचा आणि उत्तर यांनी शोधायचं, अशी ही कामं. माझ्या मते ब्रॅकन यांना तीच सगळ्यात शोभली.