उगवत्या हॉकीपटूचे भवितव्य पहिल्या पंधरा मिनिटांत कसे ठरवावे

कनिष्ठ हॉकीपटूंची प्रगती जोखणे हे फार अवघड काम आहे, असा समज प्रशिक्षकांनी आणि निवड समित्यांनी आपल्या सोयीसाठी पसरवून ठेवला आहे. ही मंडळी मुलांना महिनोन्‌महिने शिबिरात ठेवतात, पहाटे धावायला लावतात, एकेका सामन्याचे चित्रीकरण थांबवून थांबवून पाहतात आणि एवढे करूनही शेवटी ‘अजून दोन वर्षे द्या’ एवढेच सांगतात. आपल्यासारख्या प्रेक्षकांकडे दोन वर्षे नसतात. आपल्याला सामन्याचे पहिले सत्र, म्हणजे पंधरा मिनिटे, पुरेशी होतात आणि त्यातलीही पाच मिनिटे जागा शोधण्यात आणि ओळखीच्यांना हात करण्यात गेलेली असतात. नुकताच कनिष्ठ गटाचा एक सामना पाहायला गेलो असताना माझ्या मागच्या रांगेत असेच एक जाणकार बसले होते. त्यांच्याकडून ही विद्या मला विनामूल्य, न मागता आणि बऱ्याच मोठ्या आवाजात प्राप्त झाली. ती एकट्याने दडवून ठेवणे योग्य नव्हे, म्हणून इच्छुकांच्या सोयीसाठी येथे मांडतो.

सर्वप्रथम, गोल मोजावेत आणि गोलांखेरीज दुसरे काहीही मोजू नये. ज्याच्या नावावर गोल आहे तो देशाचे भविष्य आणि ज्याच्या नावावर नाही तो संघावरचा भार, इतकी ही विभागणी सोपी आहे. या कसोटीवर हरमनप्रीत सिंगचे प्रकरण २०१६ सालीच निकाली निघायला हवे होते. रिओ ऑलिम्पिकला तो विसाव्या वर्षी गेला आणि एकही गोल न करता परत आला. दुर्दैवाने त्या वेळी कोणी आपला सल्ला घेतला नाही. परिणामी तो संघात राहिला, पुढे कर्णधार झाला आणि पॅरिसमध्ये २०२४ साली त्याने १० गोल केले. अशा उदाहरणांनी विचलित होऊ नये. बचावफळीतला मुलगा प्रतिस्पर्ध्याला बाजूच्या रेषेकडे कसा ढकलतो, मधल्या फळीतला मुलगा चेंडू येण्याआधी मान वळवून मागे पाहतो की नाही, चेंडू गमावल्यावर आघाडीचा मुलगा कंबरेवर हात ठेवून उभा राहतो की परत धावतो, या गोष्टी पाहायच्या तर चेंडूवरची नजर काढावी लागते आणि तेवढी सवड कोणाला असते?

दुसरे असे की वयाची तुलना करताना नेहमी सर्वांत दुर्मीळ उदाहरण घ्यावे. राणी रामपाल पंधराव्या वर्षी २०१० च्या विश्वचषकात खेळली आणि तिने ७ गोल केले. विवेक सागर प्रसादने सतराव्या वर्षी वरिष्ठ संघातून पदार्पण केले. म्हणजे एकोणिसाव्या वर्षी जो मुलगा अजून कनिष्ठ शिबिरातच आहे, त्याने आता नोकरी पाहावी, हे गणिताने सिद्ध होते. या चर्चेत अमित रोहिदासचे नाव कोणी काढलेच, तर विषय बदलावा. तो २०१३ साली वरिष्ठ संघात आला, मग मधली काही वर्षे बाहेर राहिला, २०१७ मध्ये परतला आणि त्यानंतर टोकियो व पॅरिस अशा दोन्ही ऑलिम्पिकमध्ये कांस्यपदक विजेत्या संघात होता. अशी वळणावळणाची वाट आपल्या तक्त्यात बसत नाही.

महाराष्ट्रातल्या एखाद्या मुलाने चेंडू घेऊन दोघांना चकवले की त्याला तत्काळ नवा धनराज पिल्ले म्हणावे आणि तिसऱ्याने चेंडू काढून घेतला की तो कधीच तसा नव्हता, असे त्याच दमात सांगावे.

मुलगा मैदानाबाहेर येऊन बाकावर बसला की त्याला काढून टाकले असे समजावे. हॉकीत कितीही वेळा खेळाडू बदलता येतात आणि आघाडीची मुले दर काही मिनिटांनी आत-बाहेर करतच असतात, ही किरकोळ तांत्रिक बाब आहे.

संघाचा निकाल आणि खेळाडूची प्रगती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असे काही अतिशहाणे सांगतात. त्यांच्याकडे लक्ष देऊ नये. कनिष्ठ संघ जिंकला की त्यातले सगळे तयार झाले आणि हरला की सगळे वाया गेले, असेच धरून चालावे. २००१ साली होबार्टला आपल्या मुलांनी अंतिम सामन्यात अर्जेंटिनाला ६-१ असे हरवून कनिष्ठ विश्वचषक जिंकला, तेव्हा आता पुढची दहा वर्षे चिंता नाही असे ठरवून टाकण्यात आले. २००४ च्या अथेन्स ऑलिम्पिकमध्ये आपण सातवे आलो आणि २००८ च्या बीजिंगला तर पात्रही ठरलो नाही, हा त्या गृहीतकाचा दोष नव्हे. २०१३ साली दिल्लीत, घरच्या मैदानावर, आपला कनिष्ठ संघ दहावा आला. त्या दहाव्या आलेल्या संघाचा कर्णधार होता मनप्रीत सिंग, ज्याच्या नेतृत्वाखाली पुढे टोकियोत आपल्याला एक्केचाळीस वर्षांनी ऑलिम्पिकचे पदक मिळाले. याउलट २०१६ साली लखनौला बेल्जियमला २-१ असे नमवून कनिष्ठ विश्वचषक उंचावणारा कर्णधार हरजीत सिंग ऑलिम्पिकपर्यंत पोहोचला नाही. त्याच विजयी संघातल्या सिमरनजीत सिंगची टोकियोसाठी निवड झाली ती राखीव म्हणून. महामारीमुळे राखीव खेळाडूंनाही सामन्यागणिक संघात घेण्याची मुभा मिळाली नसती, तर तो बाहेरूनच सामने पाहत राहिला असता. प्रत्यक्षात जर्मनीविरुद्धच्या कांस्यपदकाच्या सामन्यात, जो आपण ५-४ असा जिंकला, त्याने दोन गोल केले. कोण कुठून कुठे पोहोचेल, हे ज्यांनी या मुलांना रोज पाहिले त्यांनाही नेमके सांगता आले नव्हते. आपल्याला मात्र ते येते.

या शास्त्राचा ताजा प्रयोग डिसेंबर २०२५ मध्ये चेन्नईत, कनिष्ठ विश्वचषकात झाला. ७ डिसेंबरला उपांत्य सामन्यात जर्मनीने आपल्याला ५-१ असे हरवले. त्या रात्री या पिढीत दम नाही, बचावफळी कच्ची आहे, श्रीजेश उत्तम गोलरक्षक होता पण प्रशिक्षक म्हणून त्याला अजून वेळ आहे, असे निदान पक्के झाले. १० डिसेंबरला तीच मुले अर्जेंटिनाविरुद्ध दोन गोलांनी मागे पडली आणि शेवटच्या सत्रात चार गोल करून कांस्यपदक घेऊन गेली. त्या रात्री याच पिढीचे भविष्य उज्ज्वल झाले. मधल्या तीन दिवसांत एवढी प्रगती जगातल्या कोणत्याही प्रशिक्षण केंद्रात होत नाही, ती केवळ आपल्या मनात होते.

हॉकी इंडिया लीगचा लिलाव ही तर आयती गुणपत्रिका. बोलीत हरमनप्रीतला ७८ लाख मिळाले आणि आपल्या गावच्या मुलाला कोणी पुकारले नाही, यावरून दोघांच्या प्रतिभेतले अंतर रुपयांत काढता येते. कोणत्या संघाला कोणत्या जागेसाठी माणूस हवा होता आणि थैलीत किती शिल्लक होते, हे विचारणे म्हणजे रडीचा डाव.

आता सर्वांत महत्त्वाची सूचना. पेनल्टी कॉर्नर, म्हणजे प्रतिस्पर्ध्याच्या चुकीबद्दल मिळालेली गोलाची संधी, वाया गेला की दोष नेहमी ड्रॅगफ्लिक मारणाऱ्याचा असतो. त्यासाठी पेनल्टी कॉर्नर कसा घेतात हे माहीत असण्याची गरज नाही, उलट माहीत असल्यास अडचणच होते. माहीत असले तर असे दिसू लागते की गोलखांबापासून निदान दहा मीटरवर, मागच्या रेषेवरून एक मुलगा चेंडू ढकलतो, दुसरा मुलगा ‘डी’च्या, म्हणजे गोलासमोर आखलेल्या अर्धवर्तुळाच्या, बाहेर तो अडवून स्थिर करतो आणि तिसरा चेंडू स्टिकवर घेऊन ओढत नेऊन फेकतो, हाच ड्रॅगफ्लिक. तेवढ्यात बचाव करणाऱ्या संघाचा, गोलरेषेमागून निघालेला पहिला धावक अंगावर चेंडू घ्यायच्या तयारीने थेट त्याच्या पायांवर येत असतो. हे सगळे डोळ्याचे पाते लवेपर्यंत संपते. ढकललेला चेंडू वीतभर जरी इकडेतिकडे आला किंवा त्याने एक उसळी घेतली, तर अडवणाऱ्याला हात लांबवावा लागतो, तोपर्यंत फ्लिकरची पावले पडून चुकलेली असतात आणि मग जे गोलाकडे जाते ते त्याने शिकलेल्या फ्लिकशी फारसे नाते सांगत नाही.

मागच्या रांगेतल्या जाणकारांनी पाहिला तो कॉर्नर नेमका असाच होता. चेंडू उसळत आला, अडवणाऱ्याने तो दुसऱ्या प्रयत्नात कसाबसा थांबवला आणि फ्लिकरने मोडलेल्या लयीतूनच तो मारला. चेंडू धावकाच्या पॅडवर आदळला. ‘या पोराच्या मनगटात काही नाही, याला घरी पाठवा,’ असा निकाल मागून आला. मी मान वळवून पाहिले, ते मात्र त्यांना दाद वाटली असावी, कारण पुढचे वाक्य त्यांनी माझ्याकडे पाहूनच उच्चारले. पुढच्या कॉर्नरला त्याच मुलाने फ्लिकचा पूर्ण आव आणला, खांदा खाली नेला आणि चेंडूवरून तसाच पुढे गेला. धावक त्याच्या मागे ओढला गेला, अडवणाऱ्याने चेंडू उजवीकडे सरकवला आणि तिथल्या मुलाने मोकळ्या गोलात मारला. मागच्या रांगेत टाळ्या वाजल्या. ‘बघा, पहिल्यापासून यालाच द्यायला हवे होते!’ अहो, तो गोल कोणी मोकळा केला? धावक कोणाच्या भीतीने चुकीच्या बाजूला गेला? ज्याच्या मनगटात काही नाही, त्याच्याच ना?

आणि मनगटाचेच म्हणाल, तर ड्रॅगफ्लिकमध्ये जोर मनगटातून नव्हे, पायांतून, नितंबांतून आणि पाठीच्या पिळातून येतो. हा पीळ कमरेवर इतका ताण आणतो की समंजस प्रशिक्षक वाढत्या वयातल्या मुलाला सरावात फ्लिक मोजून मारू देतात. सोळाव्या वर्षी मुलगा एकदम उंच होतो, कालची स्टिक आज आखूड पडते, कालचे अंतर आज चुकते आणि काल डोळे मिटून जमणारी गोष्ट काही महिने जमेनाशी होते. याला अधोगती म्हणत नाहीत, याला वाढणे म्हणतात. त्या मुलाचे काय चालले आहे, तो दुखापतीतून उठला आहे का, त्याला या स्पर्धेत मुद्दाम नव्या जागी खेळवले जात आहे का, यातले एक अक्षर मागच्या रांगेला ठाऊक नव्हते. त्याचे नावही ठाऊक नव्हते. मला पाठमोऱ्या शर्टावरचा क्रमांक विचारून घेतला आणि मग त्या क्रमांकाने शिव्या घातल्या.

एक सूचना राहिली होती, पंधरा सेकंदांच्या चित्रफितीवरून खेळाडू कसा ओळखावा याविषयी. पण ती लिहिण्याची आता इच्छा उरलेली नाही.

कनिष्ठ सामन्याला प्रेक्षक असतात किती? हाताच्या बोटांवर मोजावेत इतके. रिकाम्या मैदानात तुमचा प्रत्येक शब्द आतपर्यंत जातो. त्या मुलाने दोनदा वर पाहिले, ते मी पाहिले आहे. त्याची आई आमच्याच रांगेत टोकाला बसली होती, हे तुम्हाला माहीत नव्हते, पण माहीत असते तर तुम्ही आवाज खाली आणला असता असे मला वाटत नाही. ही मुले माती-खडीच्या मैदानावर शिकून टर्फवर, म्हणजे कृत्रिम गवतावर, येतात, जिथे चेंडू निराळ्याच वेगाने धावतो आणि मातीच्या मैदानावरची निम्मी सवय मोडून नव्याने लावावी लागते. त्यांच्यातला कोण टिकेल हे तुम्हाला कळत नाही. मलाही कळत नाही. फरक एवढाच की तुम्ही ते ओरडून सांगता आणि खोटे ठरलात की दुसऱ्या दिवशी त्याच तोंडाने ‘मी आधीच म्हणालो होतो’ म्हणता.

मत द्यायचेच असेल, तर आधी एकाच मुलाला सलग काही सामने पाहा, तेही त्याच्याकडे चेंडू नसताना. तेवढे कष्ट झेपत नसतील तर खेळाचा आनंद घ्या आणि गप्प बसा. ओरडण्याची हौसच असेल, तर ओरडण्याजोगे पुष्कळ आहे. सामन्याआधी टर्फवर पाणी मारलेले नसते, निवड चाचणीची तारीख ऐन वेळी कळते, मुलांना रात्रभर प्रवास करून सकाळी खेळायला उतरवतात आणि संघासोबत फिजिओ नसतो. तिथे आवाज चढवा. तिथे उत्तर देण्याजोगी, पगार घेणारी, मोठी माणसे बसलेली आहेत. पण तिथे तुमचा आवाज फुटत नाही, तो सापडतो फक्त अकरावीतल्या मुलाला घरी पाठवताना. लाज वाटू द्या जराशी.