स्मरणिकेच्या केशरी रंगाविषयी आणि बिलाविषयी

सप्रेम नमस्कार.

आमच्या सांगलीतील छापखान्याला ऑनलाइन अभिप्रायात एकच तारा देऊन आपण लिहिले आहे की, पतसंस्थेच्या स्मरणिकेत मथळ्यांचा केशरी एक आणि चौकटींचा दुसराच आला, शिवाय 'दोन रंगांचे ठरवून चार रंगांचे पैसे उकळले'. आपल्याला झालेल्या मनस्तापाबद्दल आम्ही दिलगीर आहोत. मात्र 'उकळले' हा शब्द जिव्हारी लागला, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

ठरले होते ते काळा आणि पॅन्टोन (छपाईच्या रंगांना क्रमांक देणारी प्रमाण पद्धत) ऑरेंज ०२१ असे दोन रंग. हा केशरी पॅन्टोनच्या मूळ शायांपैकी एक असून तो डब्यातून तयारच येतो. मॅजेंटा (गडद गुलाबी) आणि पिवळ्याच्या ठिपक्यांतून तो तजेला येत नाही. आपण बाहेरून जुळवून आणलेल्या फाईलमध्ये मथळ्यांना हा स्पॉट कलर, म्हणजे स्वतंत्र तयार शाईने छापायचा रंग, होता, पण चौकटी आणि पृष्ठक्रमांकांना मॅजेंटा व पिवळा मिसळून केलेला केशरी दिलेला होता. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. छपाईच्या प्लेटा मात्र दर शाईला एक अशा काढाव्या लागतात; त्या दोनाऐवजी चार (काळा, ऑरेंज, मॅजेंटा, पिवळा) निघतात, आणि आमच्या दोनरंगी यंत्रावर तोच कागद दुसऱ्यांदा चालवावा लागतो. मधे रूळ धुवावे लागतात, ते वेगळेच. हे सारे आम्ही छपाईपूर्वी फोनवर सांगितले होते, वाढीव दर कळवला होता आणि चौकटींनाही मथळ्यांचाच स्पॉट कलर लावून फाईल पुन्हा पाठवावी, असे सुचवले होते. त्यावर 'रविवारी सभा आहे, आहे तसे छापा, पैशांचे बघू' असे उत्तर आपणच दिलेत. आपल्या अभिप्रायात नेमके एवढेच राहून गेले आहे.

मथळ्यांचा रंगही फिका वाटला, त्याचे कारण कागद. स्मरणिकेचा मॅपलिथो हा बिनचकाकीचा कागद शाई शोषून घेतो, म्हणून आम्ही पॅन्टोनच्या रंगपुस्तकातील 'यू'चे, म्हणजे अशाच कागदावर छापलेल्या नमुन्यांचे, पान पुढे केले होते. आपण चकचकीत कागदावरचा 'सी'चा नमुना पसंत केलात. हळदीच्या आणि बेदाण्याच्या पाकिटांची छपाई आम्ही करतो. तिथे रंग जरा हलला तरी व्यापारी माल परत पाठवतो, आणि तसा तो अजून आलेला नाही.

यापुढे फाईल घेतानाच प्लेटांची विभागणी ग्राहकाला पडद्यावर दाखवण्याची व्यवस्था लवकरात लवकर करण्याचा आमचा प्रयत्न राहील. पुढील कामात काही सवलत देता येईल का, तेही पाहू. फाईल तेवढी सभेच्या आधी पुरेसे दिवस हाती यावी, ही विनंती.