थांबा : ११ तास २० मिनिटं

परवा रात्री भाच्याने व्हॉट्सॲपवर ताईचं तिकीट पाठवलं. मुंबई ते टोरांटो, मध्ये युरोपात विमान बदलायचं. खाली मेसेज : "मावशी, बघ, ३१ हजार वाचले." मी तिकीट मोठं करून पाहिलं. पहिलं विमान रात्री ९ ला उतरतं, दुसरं सकाळी ८.२० ला सुटतं. दोन्हींच्या मध्ये बारीक करड्या अक्षरांत लिहिलं होतं, थांबा ११ तास २० मिनिटं.

ताई ७१ वर्षांची आहे. दोन्ही गुडघे बदललेले, रात्री बीपीची गोळी आणि एकटीचा पहिलाच परदेश प्रवास. म्हणून हे लिहिते आहे. भाच्यासाठी लिहिते, आणि आईवडिलांची तिकिटं काढणाऱ्या सगळ्या मुलामुलींसाठी.

असा एक थांबा आम्ही दोघांनी काढलाय. २०२३ साली मुलीच्या बाळंतपणाला बोस्टनला निघालो होतो. जावयाने तिकीट काढलं, प्रेमाने काढलं, त्याला बोल लावायचा नाही. विमानतळाचं नावही लिहीत नाही. रात्री सव्वानऊला उतरलो. बॅगा मुंबईलाच थेट बोस्टनपर्यंत टॅग केलेल्या, त्यामुळे हातात दोन छोट्या पिशव्या. ट्रान्झिटला, म्हणजे विमान बदलताना, पुन्हा सिक्युरिटी झाली आणि विमानात मिळालेली पाण्याची बाटली तिथे टाकावी लागली. आत आलो तेव्हा दुकानं आवरत होती. साडेदहाला शेवटच्या कॉफीवाल्याने शटर ओढलं. अकराच्या सुमाराला अर्धे दिवे गेले.

काचेतून शहराचे दिवे दिसत होते. तिकडे हॉटेलं होती, गाद्या होत्या, पण आमच्याकडे शेंगेन व्हिसा, म्हणजे तिकडच्या बहुतेक देशांत शिरायला लागणारा व्हिसा, नव्हता. ज्यांनी हे अनुभवलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते. बाहेरच्या देशातून येऊन पुढे तिसऱ्या देशात जाणारा प्रवासी इमिग्रेशन न करता विमानतळाच्या आतल्याच भागात राहतो. त्याला एअरसाइड म्हणतात. विमानातून उतरलो तरी त्या देशात आपण शिरलेलो नसतो. व्हिसा नसेल तर दार उघडत नाही, आणि चेक-इन केलेली बॅगही मिळत नाही. जे हातात आहे त्यावर रात्र काढायची.

आमच्या हातात एक शाल होती. खुर्च्यांच्या लांबलचक ओळी होत्या, पण प्रत्येक दोन खुर्च्यांमध्ये लोखंडी हात घट्ट बसवलेला. आडवं होता येत नाही. ह्यांना बसून झोप लागत नाही, पाय सुजतात. शेवटी खांबाआड गालिच्यावर शाल अंथरली आणि हे आडवे झाले. मी उशाशी बसून राहिले. दीड वाजता गणवेशातला एक माणूस आला आणि हा भाग रात्री बंद होतो, पलीकडे जा, असं खुणेनेच म्हणाला. ६६ वर्षांच्या माणसाला जमिनीवरून उठायला किती वेळ लागतो ते मी तेव्हा पाहिलं. हे उठले, शाल घडी केली आणि माझ्याकडे न बघता चालू लागले. मला ते चालणं विसरता येत नाही.

तीनला ह्यांची साखर उतरली. घाम फुटला, हात थरथरायला लागले. पर्समध्ये ग्लुकोज होतं, वरून राजगिऱ्याचे दोन लाडू दिले. पलीकडे खाण्याचं मशीन होतं, पण आमचं कार्ड ते घेईना आणि नोटा घालायची सोय नव्हती. सकाळपर्यंत दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी पुरवून खाल्ली. मी मुद्दाम दशम्या केल्या होत्या म्हणून, नाहीतर काय केलं असतं कोण जाणे. औषधांचा डबा मोठ्या बॅगेत टाकण्यावरून निघताना आमचा वाद झाला होता आणि मी हट्टाने तो हातात घेतला होता. तो हट्ट कामी आला.

युरोपात रात्र अशी का जाते, हे मी नंतर समजून घेतलं. तिथे बऱ्याच मोठ्या विमानतळांवर रात्री विमानं उडवायला बंदी किंवा कडक मर्यादा आहे. फ्रँकफुर्टला २०११ पासून रात्री ११ ते पहाटे ५ नियमित उड्डाणं नाहीत, आणि २०१२ मध्ये तिथल्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने ती बंदी कायम ठेवली. कारण आहे आजूबाजूला राहणाऱ्यांची झोप. ते मला अगदी पटतं. विमानाच्या आवाजात कुणाची रोज झोपमोड व्हावी असं मी म्हणणार नाही. पण मग विमानंच नाहीत म्हणून दुकानं बंद, काउंटर बंद, दिवे मंद, आणि आत अडकलेल्या प्रवाशाची झोप मात्र कुणाच्याच हिशेबात नाही.

आखातात उलटं आहे. भारतातून निघालेली विमानं आणि युरोप-अमेरिकेची विमानं यांची गाठ तिथे मध्यरात्रीच्या पुढे पडते. दोहाचा किंवा दुबईचा विमानतळ रात्री दोनला दादर स्टेशनसारखा वाहत असतो. मागच्या वर्षी आम्ही बोस्टनहून दोहामार्गे आलो तेव्हा सात तासांचा थांबा होता. तिथे बायकांसाठी आणि पुरुषांसाठी वेगवेगळ्या शांत खोल्या आहेत, पाय लांब करता येतील अशा खुर्च्यांच्या, आणि त्यांचे पैसे पडत नाहीत. मी खोलीच्या दारात उभी राहिले आणि मला रडूच आलं. एवढंच तर हवं होतं त्या रात्री. पाठ टेकायला जागा आणि कुणी उठवणार नाही याची खात्री.

शेजारच्या खुर्चीवर सावंतवाडीकडची एक बाई होती, कुवेतहून गोव्याला निघालेली. वर्षातून दोनदा ये-जा करणारी. तिने मला जे शिकवलं ते कुठल्याही एजंटने सांगितलं नव्हतं. मोबाइलचं घड्याळ तिथल्या वेळेवर आलंय का ते आधी बघायचं, कारण दोहा आपल्या अडीच तास मागे आहे आणि झोपेत माणूस भारतीय वेळेचाच हिशेब करतो. बोर्डिंग पासवर पुढच्या विमानाचं गेट बहुतेक छापलेलं नसतंच, असलं तरी बदलतं, म्हणून झोपण्याआधी आणि उठल्यावर बोर्ड बघायचा. बऱ्याच मोठ्या विमानतळांवर आता घोषणा करत नाहीत, शांतता राखतात, तेव्हा आपलं नाव कुणी पुकारेल या भरवशावर राहायचं नाही. पासपोर्ट पिशवीत नाही, अंगावर. एवढं सांगून ती म्हणाली, "तुमी झोपा, मी जागी आसंय." मी दोन तास गाढ झोपले. पलीकडे पुरुषांच्या खोलीत हेही झोपले होते.

त्याच विमानतळावर शांत खोल्या भरल्या की कामगार मुलं भिंतीच्या कडेने ओळीने झोपतात, डोक्याखाली बूट किंवा बॅग. नेपाळची, तेलंगणाची, आपल्या कोकणातली. तेव्हा तिथे सगळं गोड आहे असं मी म्हणत नाही. पण झोपलेल्या माणसाला उठवून हाकलताना मी त्या रात्री कुणाला पाहिलं नाही.

माझं स्पष्ट मत आहे की रात्रभराचा थांबा देऊन तिकीट विकलं जात असेल, तर तिथे आडवं होण्याची जागा, पिण्याचं पाणी आणि काहीतरी खायला मिळालंच पाहिजे. खुर्चीला लोखंडी हात लावणं हा कुणीतरी टेबलावर बसून घेतलेला निर्णय असतो. तो बदलता येतो. सिंगापूरच्या चांगी विमानतळावर आतल्या भागातच आडवं पडायच्या खुर्च्या मोफत आहेत. म्हणजे जमतं. (चांगीचा प्रसिद्ध धबधबा, ज्वेल नावाच्या मॉलमधला, इमिग्रेशनच्या बाहेर आहे. ट्रान्झिटमध्ये जवळून बघू म्हणून निघालेले पुष्कळ जण दारातून परततात, म्हणून सांगितलं.)

कायदा इथे मदतीला येत नाही, हेही माहीत असू द्या. विमान रद्द झालं किंवा खूप उशीर होऊन रात्र काढावी लागली, तर युरोपातून सुटणाऱ्या विमानांना युरोपीय संघाचा २००४ चा नियम लागू होतो आणि कंपनीला जेवण, हॉटेल द्यावं लागतं. पण तिकिटावर आधीपासूनच छापलेला लांब थांबा असेल तर तो नियम लागत नाही. तो आपण मान्य करून विकत घेतलेला असतो. काही कंपन्या अशा थांब्याला स्वतःहून हॉटेल देतात, पण त्यांच्या अटी असतात आणि ते आधीच मागून घ्यावं लागतं. रात्री साडेनऊला काउंटरवर जाऊन मिळत नाही.

म्हणून तिकीट काढणाऱ्याने ते ११ तास वाचले पाहिजेत. विमानतळाच्या आत, इमिग्रेशनच्या अलीकडे हॉटेल आहे का? दोहाला आहे, दुबईला टर्मिनल ३ मध्ये आहे, इस्तंबूलला आहे. पण काही जागी "एअरपोर्ट हॉटेल" म्हणून जे दिसतं ते बाहेर असतं आणि व्हिसाशिवाय निरुपयोगी ठरतं. त्याहून मोठी चूक म्हणजे स्वस्त पडतं म्हणून दोन वेगळी तिकिटं जोडणं. दुसरं तिकीट वेगळं असलं की बॅग बहुतेक वेळा मधल्याच गावात पट्ट्यावर येते. ती घ्यायला बाहेर जावं लागतं, आणि बाहेर जायचं म्हणजे त्या देशाचा व्हिसा. लंडनला तर नुसतं आत थांबून विमान बदलायलाही भारतीय पासपोर्टवर वेगळा ट्रान्झिट व्हिसा लागतो. अमेरिका, कॅनडा वगैरेंचा चालू व्हिसा असेल तर सूट मिळू शकते. आणि अमेरिकेत "आतच थांबणं" हा प्रकारच नाही, पुढे दुसऱ्या देशात जायचं असलं तरी इमिग्रेशन करावंच लागतं. हे नियम बदलत राहतात, तेव्हा पैसे भरण्याच्या दिवशी त्या देशाच्या दूतावासाच्या साइटवर बघा. मित्राच्या दोन वर्षांपूर्वीच्या अनुभवावर आईला पाठवू नका.

व्हीलचेअरचंही बोलायला हवं. "व्हीलचेअर बुक केलीये, काही काळजी नाही," असं मुलं म्हणतात. व्हीलचेअर विमानापासून विमानापर्यंत नेते. मधले ११ तास माणसाला एका ठरलेल्या जागेत आणून बसवतात. त्या २०२३ च्या रात्री तिथे साताऱ्याकडच्या एक आजी होत्या, ऐंशीच्या पुढच्या. पासपोर्ट आणि बोर्डिंग पास मदतनीसाकडे होता आणि मदतनिसाची पाळी संपून तो गेला होता. आजींना बाथरूमला जायचं होतं, भाषा येत नव्हती, आणि जागेवरून हललं तर कागद घेऊन येणारा माणूस आपल्याला शोधणार कसा, या भीतीने त्या तासभर तशाच बसून होत्या. मी त्यांना घेऊन गेले. परत आल्यावर त्यांनी माझा हात सोडलाच नाही. मुलाला फोन लावून द्यावा म्हटलं, तर त्यांच्या सिमवर रोमिंग नव्हतं, आणि तिथल्या वायफायला फोनवर ओटीपी यायला हवा होता. माझ्या फोनवरून लावला. तो बिचारा तिकडे जागाच होता.

मुलांना माया नसते म्हणून अशी तिकिटं निघतात असं मला अजिबात वाटत नाही. त्यांनी स्वतः पंचविशीत पाठीवर सॅक टाकून हे थांबे काढलेले असतात, खुर्चीत मान टाकून झोपलेले असतात. त्यांच्या लेखी ती एक रात्र असते. घराचे हप्ते आहेत, पाळणाघराचे पैसे आहेत, त्यात ३१ हजार ही लहान रक्कम नाही. आणि आम्ही आईवडीलही "आम्हाला काही त्रास झाला नाही" असंच सांगतो. ह्यांनी मुलीला आजपर्यंत साखरेचं सांगितलेलं नाही. ही पोस्ट वाचून तिला कळेल. कळू दे.

काल भाच्याशी पाऊण तास बोलले. त्याला विचारलं, तुझी आई रात्री ११ ते सकाळी ६ नेमकी कुठे असेल, कशावर बसेल, ट्रान्झिटच्या सिक्युरिटीत गुडघ्यातल्या धातूमुळे मशीन वाजलं की हिंदी-मराठीत कुणाला काय सांगेल? तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, तिकीट बदलायला १८ हजार कापतात. मी म्हटलं, निम्मे मी देते. तो नको म्हणाला. कंपनीला विचारून सांगतो म्हणालाय.

ताईला यातलं काहीच माहीत नाही. ती नातवासाठी डिंकाचे लाडू वळते आहे. मी तिला सांगितलंय, चार लाडू पर्समध्ये ठेव. भाच्याचा फोन अजून आलेला नाही. रात्री जेवणं झाली की मीच करणार आहे.