दुधाच्या पिशवीचा कोपरा

आई दुधाची पिशवी रिकामी झाली की त्यात घोटभर पाणी घालून खळबळायची, ते पाणी चहाच्या आधणात, आणि पिशवी उलटी करून ओट्यामागच्या टाइलला चिकटवायची. वाळली की आपसूक गळून पडायची. महिनाअखेरीला गठ्ठा रद्दीवाल्याकडे. मैत्रिणी घरी यायच्या तेव्हा त्या टाइलची मला कोण लाज वाटायची!

आता माझ्याच ओट्यामागे दोन पिशव्या चिकटलेल्या असतात. रोज अर्ध्या लिटरच्या दोन, म्हणजे वर्षाच्या 730. बांबूचा ब्रश, स्टीलचा स्ट्रॉ वगैरे मी काही घेतलेलं नाही. आहे ते स्वच्छ ठेवून वेगळं देते, इतकंच. खरकट्यात बरबटलेली पिशवी कोणी घेत नाही, धुतलेलीचे पैसे येतात.

खरी गंमत कोपऱ्याची. कचरा न्यायला येणाऱ्या ताई एकदा म्हणाल्या, "कोपरा तोडू नका हो, तो ओल्यात जातो, आम्हाला सापडत नाही." मी मान डोलावली आणि विसरले. मग बाल्कनीतल्या कुंडीतलं खत चाळायला घेतलं. सालं, चहाचा चोथा, निर्माल्य, सगळ्याची काळीभोर माती झालेली. आणि चाळणीत मूठभर त्रिकोण, निळ्या छपाईसकट, कालच कापल्यासारखे. तेव्हापासून नुसती चीर देते, तुकडा पिशवीलाच लटकत राहतो.

2018 मध्ये महाराष्ट्रात प्लास्टिकबंदी आली तेव्हा पाच हजारांच्या दंडाच्या धाकाने चार महिने सगळ्यांच्या हातात कापडी पिशव्या होत्या. दुधाच्या पिशवीवर पन्नास पैसे परताव्याची किंमत छापायचीही ठरली होती. मला तरी ते पन्नास पैसे कोणी दिले नाहीत. आता गाडीवर पुन्हा पातळ पिशव्या. भाजीवाल्याला नावं ठेवतो, पण पिशवी नाही म्हटलं की पुढच्या गाडीकडे वळणारे आपणच ना? (आणि दुकानात मिळते ती कापडासारखी दिसणारी नॉन-वोव्हन पिशवी पॉलिप्रॉपिलीनची, म्हणजे प्लास्टिकचीच असते. कापडाचा त्यात धागाही नाही. माझ्याकडे अशा तीसेक निघाल्या, "कापडी" म्हणून जपलेल्या!)

नवरा आत्ता कुठे कोपरा लटकता ठेवायला शिकलाय. पिशवी टाइलला लावायला मात्र तयार नाही. म्हणतो, कोणी आलं तर काय म्हणतील?