डिपॉझिट माझं, मग हात मी का पसरू?

घर सोडून तीन महिने झाले. किल्ल्या दिल्या, मीटरचं रीडिंग लिहून दिलं, शेवटचं वीजबिल भरलं. आणि डिपॉझिट? "पुढच्या आठवड्यात बघू." हा पुढचा आठवडा उजाडतो तरी कधी? आधी मालक बाहेरगावी, मग त्यांचे पैसे कुठेतरी अडकलेले, मग नवा भाडेकरू मिळेना. तुमच्या नव्या भाडेकरूचा आणि माझ्या पैशांचा संबंध काय? भाड्याला दोन दिवस उशीर झाला की सकाळी सातला फोन यायचा. आता माझा फोन उचलायलाही सवड नाही!

परवा एकदाचा हिशोब आला. कॅलेंडरच्या खिळ्याचं एक भोक, आणि अख्ख्या घराच्या रंगाचा खर्च माझ्या माथी! चार वर्षांत उन्हाने भिंत फिकी पडली, तर ते नुकसान कसं? ती वापरातली झीज. तिच्यासाठीच तर दर महिन्याला भाडं मोजलं ना? बेसिनखालची ओल तर मी राहायला येण्याआधीची. पहिल्याच दिवशी काढलेला फोटो तारखेसकट पाठवला. वाचलाय, दिसतंय. उत्तर नाही.

ती तुमची कमाई नव्हे, माझी ठेव आहे. उद्या लेखी नोटीस धाडतेय, पोचपावतीसकट.