सदर डॉक्टर चालू स्थितीत आहे

काल कसबा बावड्यात कोर्टाजवळच्या एका टायपिंगवाल्यानं मला माझा चेसिस नंबर विचारला.

चूक तशी माझीच. गेल्या गेल्या म्हटलं, कर्नाटकातून महाराष्ट्रात ट्रान्सफर करायचंय, एनओसीसोबत लावायला अ‍ॅफिडेव्हिट पाहिजे. त्यानं मान वर न करता विचारलं, "टू व्हीलर का फोर व्हीलर?"

"डॉक्टर."

"डॉक्टरांची गाडी व्हय. मॉडेल कुठलं?"

"२०११," मी म्हटलं. मला वाटलं एमबीबीएसचं साल विचारतोय.

"जुनं हाय की."

झोंबलं. पण खोटं तरी काय होतं?

तर झालंय असं की मी मूळची कोल्हापूरची, शिकले बेळगावात, नोकरी पण तिकडंच, आणि आता बाबांच्या बायपासनंतर बाडबिस्तरा घेऊन परत आलेय. मधे रस्ता केवढा, शंभर-सव्वाशे किलोमीटर. पण डॉक्टरची नोंदणी राज्याच्या कौन्सिलकडं असते, त्यामुळं कोगनोळीचा टोलनाका गेला आणि दूधगंगेचा पूल ओलांडला की सगळं पहिल्यापासनं: तिकडची ना हरकत, तिकडचं गुड स्टँडिंग, म्हणजे बाई सरळ होती, हिच्याविरुद्ध काही कारवाई चालू नाही असा दाखला, मग इकडं नवीन अर्ज. पेशंटला यातलं काही लागत नाही बरं का. निपाणीचा गुडघा कोल्हापुरात येऊन दाखवता येतो, कागलचा गुडघा बेळगावला नेता येतो. गुडघ्याला राज्य नसतं, डॉक्टरला असतं.

त्यात माझ्या डिग्रीवर माहेरचं नाव, तेपण तिकडच्या पद्धतीनं इनिशियल मागं लावून, आणि आधारवर सासरचं. म्हणून 'वरील दोन्ही व्यक्ती म्हणजे मी एकच' हे पाचशेच्या स्टॅम्पवर लिहून द्यायचं होतं. शंभरचा आता चालत नाही म्हणे. म्हटलं दोन बायकांचे पाचशे, म्हणजे अडीचशेला एक पडली.

बाकावर एक आजोबा बसले होते. पांढरी टोपी, मांडीवर पिशवी, पिशवीतनं कोथिंबीर बाहेर. ते कशाला आले होते ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. कोर्टाच्या आसपास अशी दोनचार माणसं असतातच, ज्यांची स्वतःची केस कधीच संपलेली असते पण सवय जात नाही.

"कुणाकडनं ना हरकत म्हंतासा?" आजोबा.

"कर्नाटकाकडनं."

आजोबांनी पिशवी खाली ठेवली. "त्यांची कसली हरकत? हरकत आपली हाय! १९५६ पासनं!"

झालं. पुढं वीस मिनिटं राज्य पुनर्रचना. बेळगाव कसं गेलं, निपाणी कशी गेली, कारवार कसं गेलं, एकेक गाव ते बोटावर मोजत होते, आणि प्रत्येक गावाला माझ्याकडं असं बघत होते की जसं काय मीच सही करून दिलं. मी म्हटलं, "आजोबा, माझा जन्मच नव्हता." तर म्हणाले, "म्हणून काय झालं, शिकायला तिकडं गेलासा न्हवं?"

मग आवाज खाली करून त्यांनी तोडगा काढला. "ह्ये बघा. आपला दावा सुप्रीम कोर्टात हाय, २००४ पासनं. निकाल आपल्या बाजूनं लागला की बेळगाव महाराष्ट्रात. मग ट्रान्सफर कशाची नि एनओसी कशाची? थोडं थांबा की!"

टायपिंगवाला थांबला. बाजूच्या टेबलावरचा वकील थांबला. आणि खरं सांगते, एक क्षणभर मला पण ते पटलं.

"माझी लेक निपाणीला दिलीया," आजोबांचं चालूच. "तवा एनओसी मागितली न्हवती कुणी. आता नातू झालाय, कन्नडात मोजतो. ओंदु, येरडु. मी काय हरकत घेतली?" असं म्हणता म्हणता त्यांनी धोतर वर केलं आणि गुडघा काढला. "डॉक्टर हाईसा तर ह्ये बघा जरा. जिना चढताना कटकट वाजतंय."

गुडघा बघून हात शिवशिवले हो. पण इकडच्या नव्या नोकरीच्या जॉइनिंग लेटरवरच लिहिलंय, काम सुरू नोंदणी झाल्यावर. म्हटलं, "आजोबा, माझी नोंदणी इकडं व्हायचीय अजून, तुम्ही सरकारी दवाखान्यात, सीपीआरला दाखवा."

आजोबांनी धोतर खाली केलं. "म्हंजे सध्या तुमी डॉक्टर न्हाईसा."

सध्या! नऊ वर्षं नाइट ड्युटी केल्या, दिवाळीत कॅज्युअल्टीत फटाक्यानं भाजलेले हात धुतले, आणि मी 'सध्या' नाही. तोंडात आलं होतं काहीतरी, गिळलं. कारण राग आजोबांवर नव्हताच. आमच्या गावाकडं एक 'डॉक्टर' आहेत, सगळ्या आजारांवर एकच सलाईन, दारावर बोर्ड, बोर्डवर डिग्री म्हणून जी अक्षरं आहेत ती मी कुठल्या अभ्यासक्रमात वाचलेली नाहीत. त्यांना आजपर्यंत कुणी एनओसी मागितली नाही. कारण एनओसी मागायला आधी कुठंतरी नोंद असावी लागते! नोंद असलेल्यालाच पळवायचं. २०१९ ला नवा कायदा आला, २०२० ला डॉक्टरांची देशपातळीवरची जुनी कौन्सिल एमसीआय जाऊन तिच्या जागी एनएमसी आली, २०२४ ला अख्ख्या देशाच्या डॉक्टरांच्या रजिस्टरचं पोर्टलपण सुरू झालं, आणि मी तरीपण कोथिंबिरीशेजारी बसून मी मीच आहे हे लिहून देतेय. दुसरा महिना आहे बिनपगारी. घरी शेजारच्या काकू रोज विचारतात, "आज पण सुट्टी का गं?"

असो. आजोबांनी चहा सांगितला. "घ्या, च्याला नोंदणी लागत न्हाई." चहा चांगला होता, आलं जास्त.

टायपिंगवाल्यानं कागद काढला, मी सही केली, नोटरीचा शिक्का बसला, आणि घरी येऊन जेवताना वाचलं. त्यानं गाडीचाच जुना नमुना घेऊन 'वाहन' शब्दाच्या जागी 'डॉक्टर' घातला होता. 'सदर डॉक्टरवर कोणत्याही बँकेचा वा वित्तसंस्थेचा बोजा नाही. सदर डॉक्टर अपघातग्रस्त नसून चालू स्थितीत आहे. सदर डॉक्टरचा कोणत्याही गुन्ह्यात वापर झालेला नाही.'

नवरा म्हणाला, राहू दे की, गुड स्टँडिंग म्हणजे दुसरं काय असतं?

बोजाचं तेवढं खोटं आहे, होमलोन चालू आहे. त्यामुळं उद्या परत बावडा, परत पाचशे. गाडी घेऊन जाणार. तिची पाटी अजून केए २२ च आहे, पण तिला दुसऱ्या राज्यात नवीन नंबर घ्यायला कायद्यानं बारा महिने मिळतात, तोवर ती रंकाळ्यावर खुशाल फिरते, आणि ती सध्या गाडी आहे का असं तिला कुणी विचारत नाही.